गिऱ्हाईकाच्या तोंडचा शब्द

शेतमालाची विक्री ही तो पिकविण्याइतकीच कष्टसाध्य विद्या आहे, हे आता नव्याने सांगावयास नको. बाजार समितीतील आडत्या, आठवडी बाजारातील पाल, दादरच्या फूलबाजारातील पहाटेची घाई, अशा अनेक मार्गांनी वसई व पालघर भागातील बागाईतदार आपला माल मुंबईस पोचवीत आला. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका मार्गाची भर पडली आहे. बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि सुशिक्षित तरुण शेतकरी आता मोबाईलवर ऑनलाईन दुकान उघडू लागले आहेत. तांदूळ, सुकेळी, चिकूची भुकटी, पापड, मसाले, फुले, रांगोळीचे रंग असा सर्व प्रकारचा माल तेथे मांडला जातो. मालाची छायाचित्रे सुबक असतात, भाव वाजवी असतो आणि तरीही गिऱ्हाईक येत नाही, अशी तक्रार बहुतेक ठिकाणी ऐकू येते.

या तक्रारीचे कारण पुष्कळदा मालात नसून नावात असते. गावातील दुकानाला रस्ता असतो, पाटी असते, शेजारच्या दुकानात आलेला माणूस सहज डोकावून जातो. ऑनलाईन दुकानाला यांपैकी काहीही नाही. तेथे गिऱ्हाईक एकाच वाटेने येते. ते आपल्या मनातील एक शब्द किंवा दोनचार शब्द शोधयंत्रात लिहिते अथवा उच्चारते, आणि त्या शब्दांना जी दुकाने उत्तर म्हणून पुढे येतात त्यांतील पहिल्या दोनचार दुकानांत शिरते. दुकानदाराने मालाला दिलेला शब्द आणि गिऱ्हाईकाच्या मनातील शब्द एकमेकांना भेटले नाहीत, तर माल कितीही अस्सल असला तरी तो कोठारातच पडून राहावयाचा.

शोधयंत्राचे काम कसे चालते हे थोडक्यात समजून घेणे अगत्याचे आहे. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. एखादा विषय शोधताना वाचक सारे पुस्तक चाळीत नाही, सूचीत शब्द पाहून नेमके पान उघडतो. गूगलसारखी शोधयंत्रे जगातील असंख्य पाने आधीच वाचून अशीच अवाढव्य सूची तयार ठेवतात. कोणता शब्द कोणत्या पानावर, मथळ्यात की मजकुरात, याची नोंद त्यात असते. अलीकडे ही यंत्रे समानार्थी शब्द व शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच अंशी ओळखू लागली आहेत हे खरे. परंतु जे शब्द सर्वत्र रूढ आहेत त्यांच्या बाबतीत ही हुशारी जितकी चालते, तितकी ती तालुक्यापुरत्या चालणाऱ्या शब्दाच्या बाबतीत चालेल असा भरवसा धरता येत नाही. ग्रामीण मालाची नावे बहुतेक अशीच तालुक्यापुरती असतात. अडचण येथेच उत्पन्न होते.

वाड्याच्या तांदळाचे उदाहरण घ्यावे. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात पिकणारा बारीक, हलका व सुवासिक तांदूळ मुंबईच्या बाजारात ‘वाडा कोलम’ या नावाने प्रसिद्ध आहे. 2021 साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. हाच तांदूळ पिकविणाऱ्यांच्या तोंडी ‘झिनी’ किंवा ‘जिनी’ या नावाने आहे. आता एखाद्या कास्तकाराने आपल्या ऑनलाईन दुकानात मोठ्या अभिमानाने ‘अस्सल झिनी तांदूळ’ एवढीच पाटी लावली, तर तीत खोटे काही नाही. परंतु ठाण्याच्या किंवा बोरिवलीच्या गृहिणीला झिनी म्हणजे काय हे ठाऊक नाही. ती ‘वाडा कोलम’ असेच लिहिते. तिच्यापुढे तेव्हा कोण येतो? ज्याने पिशवीवर ते नाव छापले आहे तो व्यापारी, मग त्याच्या पिशवीतील तांदूळ वाड्याच्या मातीतला असो वा दुसऱ्या कोणत्या प्रांतातला. वाड्याबाहेरचा तांदूळ वाडा कोलम म्हणून खपविला जातो ही तर जुनीच तक्रार आहे. म्हणजे ज्याचे नाव तो बाजूला राहिला आणि उसने नाव घेणारा गिऱ्हाईकापर्यंत पोचला. शब्दाची निवड ही शहरी जाहिरातदारांची चैन आहे असे जे म्हणतात, त्यांनी या एका उदाहरणाचा विचार करावा.

यावर कोणी असे विचारील की, मग ‘झिनी’ हा शब्द टाकून द्यावयाचा काय? तसे मुळीच नाही. मथळा ‘वाडा कोलम’ असा असावा आणि मजकुराच्या पहिल्याच वाक्यात ‘वाडा भागात झिनी म्हणून ओळखला जाणारा’ असे म्हणावे. अशाने गिऱ्हाईकाला त्याचा शब्द मिळतो, शेतकऱ्याचा शब्दही जिवंत राहतो, आणि पुढे ज्याला झिनी हे नाव माहीत होईल तो त्या नावानेही शोधीत येईल. स्थानिक नावाचा अभिमान आणि बाजाराची सोय यांत विरोध आहे ही समजूत निराधार आहे. दोन्ही नावे एकाच पानावर सुखाने नांदू शकतात.

वसईच्या सुकेळीची अडचण थोडी निराळी आहे. राजेळी जातीची पिकली केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्या सुक्या पानात बांधण्याची ही वसईतील बागाईतदारांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. साखर नाही, तेल नाही. जो काही गोडवा तो फळाचा आणि उन्हाचा. राजेळीची लागवड घटल्यामुळे हा जिन्नस दुर्मीळ होत चालला आहे. ज्या घरात सुकेळी खाऊन मुले वाढली त्या घरातील माणूस ‘सुकेळी’ हाच शब्द लिहील. परंतु पुण्याचे किंवा बंगळूरचे जे गिऱ्हाईक अशा पौष्टिक, बिनसाखरेच्या खाऊच्या शोधात आहे, त्याने तो शब्द जन्मात ऐकलेला नसतो. ते ‘सुकी केळी’, ‘ड्राय बनाना’, ‘साखर नसलेला सुका मेवा’ असे काहीतरी लिहिते. परदेशी व्यापारात अशा मालास ‘बनाना फिग’, म्हणजे जणू केळ्याचे अंजीर, असेही म्हणतात. हे सारे शब्द विक्रेत्याने पानावर योग्य जागी आणले पाहिजेत. मात्र ‘केळ्याचे वेफर’ हा शब्द पुष्कळ लोक शोधतात म्हणून तो सुकेळीच्या पानावर घालणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार होय. कुरकुरीत वेफर हवे असलेले गिऱ्हाईक मऊ, काळसर सुकेळी पाहून आल्या पावली परत जाते. चुकून त्याने मागविलीच तर नाराजीचा शेरा लिहून ठेवते, आणि तो शेरा पुढच्या शंभर जणांना दिसत राहतो.

कोणता शब्द किती लोक शोधतात एवढेच पाहून भागत नाही, तर तो शब्द लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे हे ओळखावे लागते. या गोष्टीचा जितका चांगला धडा जूचंद्र गावी मिळतो तितका क्वचितच अन्यत्र मिळेल. वसई रोड ते दिवा या लोहमार्गावरील हे स्थानक. गावाच्या टेकडीवर चंडिका देवीचे मंदिर, भोवती भातखाचरे व मिठागरे आणि आता चहू बाजूंनी चढत येणाऱ्या इमारती. आगरी वस्तीच्या या गावाने रांगोळीच्या कलेत मोठे नाव मिळविले आहे. येथील कलाकारांनी काढलेली व्यक्तिचित्रे पाहून हे छायाचित्र की रांगोळी असा संभ्रम पडतो, आणि दिवाळीच्या सुमारास ती पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. शेतीचे क्षेत्र घटत असता गावाच्या हाती असलेली ही कला घरोघरच्या तरुणांना पूरक उत्पन्न देऊ शकेल, यात संशय नाही. समारंभासाठी रांगोळी काढून देणे, शिकविणे, रंग व साहित्य विकणे, हे सारे ऑनलाईन दुकानातून करण्याजोगे आहे.

आता ‘रांगोळी’ हा एकच शब्द पाहावा. तो लिहिणारी माणसे असंख्य. दिवाळीत तर त्यांची गणतीच नाही. म्हणून जूचंद्रच्या कलाकाराने आपले दुकान ‘रांगोळी’ या शब्दावर उभे करावे काय? करू नये. कारण ‘रांगोळी’ किंवा ‘रांगोळी डिझाईन’ असे लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना दारापुढे काढण्यासाठी एखादी सोपी आकृती फुकट पाहावयाची असते. ते चित्र पाहतात, काढतात आणि मोबाईल ठेवून देतात. त्यांच्याकडून कलाकाराला छदामही मिळत नाही. शिवाय या एका शब्दासाठी मोठमोठी वृत्तपत्रे, चित्रांची संकेतस्थळे व देशव्यापी दुकाने एकमेकांशी झुंजत असतात. त्या गर्दीत गावच्या दुकानाचे पान शंभराव्या क्रमांकावर तरी दिसेल की नाही कोण जाणे.

याउलट ‘उद्घाटनासाठी रांगोळी कलाकार वसई’, ‘पोर्ट्रेट रांगोळी काढून मिळेल’, ‘लग्नासाठी रांगोळी काढणारे मुंबई’ असे लिहिणारी माणसे थोडी असतात. पण त्यांच्या घरी कार्य ठरलेले असते, तारीख ठरलेली असते आणि पैसे देण्याची तयारी असते. अशा दहा माणसांत दोनतीन गिऱ्हाईके मिळणे शक्य आहे. नुसते ‘रांगोळी’ लिहिणाऱ्या हजारांत एकही न मिळणे तितकेच शक्य आहे. हीच गोष्ट साहित्याच्या विक्रीची. ‘रांगोळी रंग एक किलो भाव’, ‘पोर्ट्रेट रांगोळीसाठी लेक कलर’ असे विचारणारा मनुष्य खरेदीच्या उंबरठ्यावर उभा असतो. ‘रांगोळी शिकण्याचा वर्ग’ विचारणारा तिसऱ्याच प्रकारचा. या तिघांना एकाच पानावर कोंबण्याऐवजी काढून देण्याचे पान वेगळे, साहित्याचे वेगळे, वर्गाचे वेगळे, अशी व्यवस्था ठेवणे इष्ट होय. एका खाचरात तीन पिके मिसळून पेरली तर कोणत्याच पिकाची कापणी धड होत नाही.

लांब शब्दसमूहाला गिऱ्हाईके थोडी पण पक्की, हा नियम तांदळालाही लागू आहे आणि फुलांनाही. ‘तांदूळ’ या शब्दाच्या मागे धावणाऱ्या लहान उत्पादकाने ‘वाडा कोलम जुना तांदूळ पाच किलो घरपोच’ या शब्दांची कास धरावी. जुना की नवा, हातसडीचा की गिरणीचा, पाच किलो की पंचवीस, हे तपशील विक्रेत्याला किरकोळ वाटतात. विकत घेणाऱ्याच्या डोक्यात मात्र तेच असतात.

गावाच्या नावाबद्दल दोन शब्द. जूचंद्र हे नाव आपल्या माणसाला परिचित. परंतु शहरातील गिऱ्हाईक ते लिहिणार नाही. ते ‘नायगाव’ लिहील, ‘वसई’ लिहील, नाहीतर नुसते ‘माझ्या जवळ’ असे म्हणेल. यासाठी पत्त्यात ‘जूचंद्र, नायगाव पूर्व, वसई, जिल्हा पालघर’ अशी पूर्ण नामावळी हवी आणि गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद हवी. ही नोंद विनामूल्य होते. दुसरी अडचण रोमन अक्षरांची. मराठी माणूस मोबाईलवर पुष्कळदा मराठी शब्दच इंग्रजी अक्षरांत लिहितो आणि प्रत्येकाची लिहिण्याची तऱ्हा निराळी. ‘जू’ कोणी एका अक्षराने लिहितो, कोणी दोन. ‘ळ’ला तर रोमन लिपीत अक्षरच नाही, सुकेळीची ‘सुकेली’ होते. मराठीत रांगोळी तर हिंदीत रंगोली. मराठीत जांभूळ तर हिंदीत जामुन. मजकूर मराठीत चांगला लिहावा, त्यातच हिंदी नावाचा व रोमन अक्षरांतील रूढ लेखनाचा एकदा उल्लेख करावा. नायगाव-वसईसारख्या बहुभाषी वस्तीत तर हे अनिवार्यच आहे. चिकूला परदेशात ‘सपोटा’ म्हणतात. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2021 मध्ये तो इंग्लंडला रवाना झाला तेव्हा सरकारी निवेदनात त्याचे नाव सपोटा असेच होते. निर्यातीकडे दृष्टी असलेल्या बागाईतदाराला हे नाव ठाऊक हवे.

शब्द निवडताना लोभ सुटणे स्वाभाविक आहे, आणि तेथे ग्रामकार्यकर्त्यांनी विशेष सावध राहिले पाहिजे. नायगाव-जूचंद्र परिसरातील मिठागरांचे मीठ हे समुद्राचे मीठ. ‘सैंधव’ हा शब्द हल्ली फार शोधला जातो आणि त्याला भावही चांगला मिळतो. पण सैंधव म्हणजे खाणीतून निघणारे मीठ. आगरातील मिठाला ते नाव देणे ही सरळसरळ फसवणूक होय. त्याहीपुढची गोष्ट अशी की, माणसाच्या थेट खाण्यासाठी आयोडीन नसलेले साधे मीठ विकण्यास अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांनी मनाई आहे. म्हणून मिठागराचे कच्चे मीठ ‘जेवणातील नैसर्गिक मीठ’ अशा शब्दांनी विकणारा अडचणीत यावयाचा. मासळी खारविण्यासाठी, गुरांसाठी, कारखान्यासाठी असा उपयोग स्पष्ट लिहिला आणि वेष्टनावरही तसा उल्लेख केला तर हरकत येत नाही. नारळाच्या आळ्यात मीठ घालण्याची कोकणातील जुनी वहिवाट तर बागाईतदारांना माहीतच आहे. ‘नारळाच्या झाडासाठी खडे मीठ’ हा शब्दसमूह खराही आहे आणि शोधणाराही नेमका आहे.

तीच गोष्ट जांभळाची. बहाडोलीच्या जांभळाला 2023 साली मानांकन लाभले; फळ नाशवंत असल्याने बियांची भुकटी, सरबत असे पदार्थ करून विकण्याचा प्रयत्न योग्यच आहे. भुकटी शोधणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मनात मधुमेह असतो, आणि म्हणून ‘मधुमेहावर रामबाण’ हे शब्द घालण्याचा मोह विक्रेत्याला होतो. तो आवरलाच पाहिजे. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या 1954 च्या केंद्रीय कायद्यात ज्या विकारांवरील औषधांची जाहिरात निषिद्ध आहे त्यांत मधुमेहाचा समावेश आहे. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी, अशा जाहिरातीवर विसंबून एखाद्या रुग्णाने आपले औषध सोडले तर त्या अनर्थाचा वाटेकरी कोण? ‘जांभूळ बी भुकटी’ हे नाव पुरेसे आहे.

मानांकन मिळालेल्या नावांचा वापरही विचारपूर्वक व्हावा. हापूस आंब्याचे मानांकन 2018 साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांना मिळून मिळाले. म्हणजे पालघरचा बागाईतदारही आपल्या आंब्यास उजळ माथ्याने ‘हापूस’ म्हणू शकतो व परदेशी गिऱ्हाइकासाठी ‘अल्फान्सो’ही लिहू शकतो. पण त्याने ‘रत्नागिरी हापूस’ लिहिणे गैर आहे, मग तो शब्द कितीही शोधला जात असो. भौगोलिक मानांकनाच्या 1999 च्या कायद्यात खोट्या नावाच्या वापराबद्दल कारावास व दंडाची तरतूद आहे. आणि ज्याला हक्काने नाव वापरावयाचे आहे त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी करून घ्यावी. वाडा कोलमच्या खऱ्या उत्पादकांनी ही नोंदणी करून तिचा उल्लेख पानावर ठळकपणे केला, तर शब्द तोच राहूनही अस्सल कोण व नक्कल कोण हे गिऱ्हाइकाला कळू लागेल. केवळ मानांकन मिळाल्याच्या आनंदात राहून जे उत्पादक नोंदणी करीत नाहीत, ते आपले घर बांधून दार उघडे टाकतात.

योग्य शब्द सापडावेत कोठे, हा प्रश्न राहिला. येथे शहरातील सल्लागार नाना महागडी साधने सुचवितात. त्यांची आवश्यकता नाही. पहिले साधन म्हणजे दोन आण्यांची का होईना, एक वही. प्रदर्शनातील गाळ्यावर, आठवडी बाजारात किंवा दूरध्वनीवर गिऱ्हाईक जे शब्द उच्चारते ते जसेच्या तसे त्या वहीत टिपून ठेवावेत. ‘ते सुक्या केळ्यांचे पुडे आहेत का?’ असे कोणी विचारले तर ‘सुक्या केळ्यांचे पुडे’ हेच शब्द लिहावेत; त्यांचे शुद्धीकरण करून ‘निर्जलीकृत कदलीफल’ असे लिहू नये. सरकारी भाषेची सवय लागलेल्या कार्यकर्त्यांना हे मुद्दाम सांगावे लागते. एका हंगामात अशा शेदीडशे नोंदी झाल्या की कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो हे उघड दिसते.

दुसरे साधन फुकटच आहे. गूगलच्या चौकटीत शब्द लिहू लागताच खाली आपोआप सूचना उमटतात. लोक प्रत्यक्ष काय शोधतात यावरच त्या मुख्यतः आधारलेल्या असतात. उत्तरांच्या पानाच्या तळाशीही संबंधित शब्द दिलेले असतात. ‘गूगल ट्रेंड्स’वर दोन शब्दांची तुलना करता येते, महाराष्ट्रापुरते पाहता येते आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात शोध वाढतो तेही समजते. मात्र तेथील आकडे ही माणसांची संख्या नव्हे. सर्वाधिक शोधाला शंभर धरून बाकीचे प्रमाण दाखविलेले असते. ‘सुकेळी’सारख्या शब्दाला तेथे पुरेशी माहिती नाही असे उत्तर मिळाले, तर त्याचा अर्थ गिऱ्हाईकच नाही असा करू नये. मोठ्या वजनकाट्यावर तोळा-मासा उमटत नाही, म्हणून सोने खोटे ठरत नाही. तिसरे साधन दुकान सुरू झाल्यानंतरचे. आपले स्वतंत्र संकेतस्थळ असेल तर ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य सोयीमधून कोणते शब्द लिहिणाऱ्यांना आपले पान दिसले आणि त्यांतील किती जण आत आले, याचा हिशेब मिळतो. पान दिसते पुष्कळांना पण आत कोणी येत नाही, असे असेल तर मथळा बदलावा. ज्या शब्दाची कल्पनाही केली नव्हती त्या शब्दाने लोक येत असतील तर तो शब्द वहीत चढवावा. दर महिन्यास एकदा हे पाहणे पुरे.

शब्द मिळाल्यावर ते मांडावयाचे कोठे? पानाच्या मथळ्यात मुख्य शब्द, मालाच्या नावात तोच, वर्णनाच्या पहिल्या दोन वाक्यांत त्याचे पर्याय, आणि छायाचित्राला दिलेल्या नावात व वर्णनात मालाचे नाव. छायाचित्राला कॅमेऱ्याने दिलेला आकडाच तसाच ठेवण्याची चूक सर्रास होते. पुष्कळांची अशी समजूत आहे की पानाच्या पोटात, डोळ्यांना न दिसेल अशा जागी, पन्नास शब्दांची माळ ओवून ठेवली की काम झाले. पूर्वी ही युक्ती चालत असे. परंतु क्रम लावताना असल्या छुप्या शब्दसूचीकडे आपण पाहत नाही असे गूगलने 2009 सालीच जाहीर केले आहे. एकच शब्द वाक्यावाक्यात कोंबणे हे तर त्यांच्या नियमांत दोष म्हणून गणले जाते व पान मागे ढकलले जाण्याचा संभव असतो. खताची मात्रा दुप्पट केल्याने पीक दुप्पट येत नाही हे ज्याला कळते, त्याला हेही कळावयास हरकत नाही. मजकूर माणसाने माणसासाठी लिहिलेला असावा. शब्द त्यात सहज यावेत.

याच कारणाने, ‘आठ दिवसांत तुमचे दुकान पहिल्या क्रमांकावर आणून देतो’ असे सांगून पैसे उकळणाऱ्यांपासून बचत गटांना वाचविणे हे ग्रामकार्यकर्त्यांचे कर्तव्य ठरते. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलचे स्वतःचेच म्हणणे आहे. जो हमी देतो तो एक तर अजाण असतो किंवा लबाड. पैसे खर्चावयाचेच तर ते आधी चांगल्या छायाचित्रांवर, वेष्टनावर आणि खाद्यपदार्थ असल्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नोंदणीवर खर्चावेत. त्या नोंदणीवाचून खाद्यपदार्थ ऑनलाईन विकता येत नाहीत.

आणखी एक आक्षेप वडीलधाऱ्या शेतकऱ्यांकडून येतो. माल उत्तम असला की गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत येते, शब्दांची कसरत कशाला, असे ते म्हणतात. त्यांच्या काळी ते खरे होते, कारण गिऱ्हाईक आणि माल एकाच बाजारात असत. हाताने दाणा चोळून, नाकाने वास घेऊन पारख होत असे. आता मधे काचेचा पडदा आहे. पडद्यापलीकडून वास येत नाही, दाणा चोळता येत नाही. उत्तम मालाने गिऱ्हाईक टिकते हे आजही तितकेच खरे. पण पहिल्या वेळी त्याला माल दिसावयास हवा, आणि ते काम शब्दाचे.

म्हणून दुकान उघडण्याची रीत शिकवून, दोन छायाचित्रे चढवून थांबणारे प्रशिक्षण अपुरे आहे असे म्हणणे भाग पडते. शिबिराच्या पहिल्या दिवशी मोबाईल बाजूस ठेवून गटातील प्रत्येक स्त्रीने आपल्या मालाला घरात काय म्हणतात, बाजारात काय म्हणतात, आणि मुंबईची पाहुणी काय म्हणते, ही तीन नावे सांगावीत. फळ्यावर ती लिहिली की निम्मे काम तेथेच होते. वसईत सामवेदी, वाडवळ, आगरी, कोळी, आदिवासी अशा अनेक समाजांच्या बोली नांदतात. एकाच भाजीला, एकाच मासळीला, एकाच भाताच्या जातीला चार नावे सापडतात. ही नावे एका वहीत गोळा झाली तर विक्रीला उपयोग होईलच, शिवाय जी नावे नव्या पिढीच्या कानांवरून नाहीशी होत आहेत त्यांची नोंदही राहील. या कामाला सरकारी मंजुरीची किंवा निधीची वाट पाहण्याचे कारण नाही.

वेळेचे भानही हवे. नवे पान शोधयंत्राच्या सूचीत येऊन स्थिरावण्यास कधी काही दिवस, तर कधी काही आठवडे लागतात. दिवाळीच्या रांगोळीचे पान वसुबारसेला चढविणारा कलाकार पेरणी चुकलेल्या शेतकऱ्यासारखा होय. गणेशोत्सव सुरू होण्यापूर्वीच ते पान तयार असावे. सुकेळीचे पान पावसाळा सरता सरता, हापूसचे माघात आणि नव्या वाडा कोलमचे पान भात कापणीला येण्याआधी. पान जुने झाले म्हणून ते पुसून टाकू नये. हंगाम संपल्यावर ‘पुढील माल अमुक महिन्यात’ एवढी ओळ घालून तसेच ठेवावे, म्हणजे पुढील वर्षी पुन्हा मुळापासून आरंभ करावा लागत नाही. जूचंद्रच्या ज्या गटांना यंदाच्या आश्विनात रांगोळीची कामे मिळवावयाची आहेत, त्यांनी गेल्या दिवाळीत दूरध्वनीवर लोकांनी काय काय विचारले होते ते आठवून आजच वहीत लिहावयास घ्यावे.